अमेरिकेतला पूर्वरंग

"बुवा, धोतर सोडा! आधी ते धोतर सोडा म्हणतो मी!"

आमचे साहेब अमेरिकेतल्या एका देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, तळघरात उभे राहून असे ओरडत होते, की वरच्या मनोऱ्यातली घंटा आपसूक वाजते की काय असं मला वाटलं. पलीकडे स्वयंपाकघरात चार-पाच गोऱ्या म्हाताऱ्या केक कापत होत्या. त्यांना मराठी कुठून कळणार! त्यांना वाटलं, पाहुण्यांची कार्यक्रमाआधीची प्रार्थना रंगात आलीय. त्यांनी सुऱ्या खाली ठेवल्या, डोळे मिटले, आणि साहेब श्वास घ्यायला थांबले तशी त्यातली एक मोठ्या भक्तीने "आमेन" म्हणाली.

बुवा दोन्ही मुठींत धोतराचा सोगा धरून भिंतीला टेकले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं, डोक्याला पागोटं. साहेबांच्या हातात एक फाटकी लुंगी होती. ती लुंगी त्यांनी नगरच्या कापडबाजारातून नवी कोरी घेतली होती, मग ब्लेडने जागोजाग फाडली होती, आणि खरी वाटावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली होती. एवढी मेहनत त्यांनी आमच्या तालमींवर घेतली असती तर आम्ही थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरी वाजवलं असतं.

"साहेब, ह्या धोतरात मी चाळीस वर्सं कीर्तन केलंय," बुवा म्हणाले.

"अहो, धोतरात तुम्ही हेडमास्तर दिसता! भिकारी दिसायला पाहिजे, भिकारी!"

"मी हेडमास्तरच हुतो."

हे खरं होतं. आमच्या गावच्या शाळेत त्यांनी मला पाढे शिकवले होते आणि पाढे चुकले म्हणून माझा कान असा पिळला होता की तो आजही दुसऱ्या कानापेक्षा लांब आहे. पण शाळा म्हणजे त्यांचं पोटापुरतं काम. खरं काम कीर्तन. प्रभू येशूचं कीर्तन, पण सगळा थाट आपला: टाळ, चिपळ्या, पेटी, तबला, उभं राहून निरूपण. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कामाला होतो आणि सुट्टीच्या दिवशी बुवांच्या मागे तबल्यावर.

आमचं गाव सोनईच्या अलीकडे. ख्रिस्ती घरं मोजकी, पण कीर्तनाला अख्खा गाव लोटायचा. मराठे यायचे, बौद्धवाड्यातली माणसं यायची, तांबोळ्यांच्या म्हाताऱ्या पानाची पिशवी घेऊन पुढच्या सतरंजीवर बसायच्या. घोडेगावच्या बाजारातून परतणारे शेतकरी बैल झाडाला बांधून थांबायचे. एका बैलाने गोष्ट संपेपर्यंत कडब्याला तोंड लावलं नाही, असं त्याचा मालक शपथेवर सांगायचा. मी बैलाला विचारलेलं नाही, पण त्याची मान हलताना पाहिलीय.

कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात अभंग घ्यायचा आणि त्याचा अर्थ उलगडायचा. उत्तररंगात गोष्ट सांगायची. पूर्वरंग म्हणजे पाट मांडून पाणी ठेवलं. जेवण ते उत्तररंगात. आणि या दोहोंच्या मध्ये हार. पूर्वरंग संपला की बुवा हात जोडून, डोळे मिटून, मान जरा झुकवून उभे राहतात. ऐकणाऱ्या मंडळीतला कुणीतरी उठतो आणि त्यांच्या गळ्यात हार घालतो. म्हणजे ऐकलं, पटलं, आता पुढचं सांगा. ती मंडळीची परवानगी. हार आमच्यापैकी कुणी घालायचा नाही, तो ऐकणाराचाच. त्याशिवाय बुवा गोष्टीला हात घालत नसत. एकदा शेजारच्या गावात हार आणायला गेलेल्याची सायकल पंक्चर झाली. बुवा डोळे मिटून उभे, मी धुमाळीचा ठेका वाजवतोय, वाजवतोय, माझ्या बोटांची सालं निघाली, आणि पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ तेवढ्यात रांगायला शिकलं. पण हार आला तेव्हाच बुवांनी डोळे उघडले.

अशा एका कीर्तनाला नगरहून साहेब जीपमधून आले. त्यांची एक संस्था होती, परदेशात कार्यक्रम नेणारी. कीर्तन संपल्यावर त्यांनी बुवांना मिठी मारली आणि म्हणाले, "बुवा, हे अमेरिकेला दाखवायला पाहिजे!"

या एका वाक्याने बुवांचं वय वीस वर्षांनी उतरलं. कारण त्यांच्या आज्याला अक्षर शिकवणारा गोरा साहेब त्याच देशातून घोड्यावर बसून आला होता. म्हणजे घोडा इथला, साहेब तिथला. त्या काळी आज्याच्या जातीला गावात गुडघ्याखाली धोतर नेसायची चोरी. नेसलं तर रस्त्यात फेडायचे. घोट्यापर्यंतचं पहिलं धोतर तो नेसला ते देवळात, रविवारच्या उपासनेला. बुवा हे सांगायचे तेव्हा स्वतःचं धोतर नकळत सारखं करायचे.

"त्यांनी आमाला गोष्ट दिली," बुवा मला म्हणाले, "आता ती आमच्या चालीत त्यांना परत ऐकवायची. एकदाच. पुरती. मग मी मेलो तरी चालंल."

त्यासाठी त्यांनी नवं कीर्तन बांधलं. बायबलमधली उधळ्या पोराची गोष्ट, घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या पोराची, आणि त्याला लांबून पाहून पळत सुटलेल्या म्हाताऱ्या बापाची. पदं स्वतः रचली. त्यातलं एक मला अजून पाठ आहे:

दूर देशी पोर । घरी बाप जागा ।
उंबऱ्याशी जागा । निजायाची ॥

हे पद उत्तररंगात होतं. लक्षात ठेवा, उत्तररंगात.

आता त्या तळघरात परत चला. विमानातून उतरल्यावर आम्हाला कळलं की साहेबांनी कीर्तन काढून टाकलंय. कार्यक्रमाचं नाव होतं 'अंधारातून उजेडाकडे'. त्यात मी गारुडी. हातात पुंगी आणि पुढ्यात रबरी साप. माझ्या सात पिढ्यांत कुणी पुंगी तोंडाला लावलेली नाही, आणि सापाला मी एवढा भितो की त्या रबरी सापालासुद्धा मी लांबूनच वाजवून दाखवायचो. पेटीवाला जटा लावलेला जादूटोणेवाला. बुवा आंधळे भिकारी. मग मिशन दवाखान्यातल्या आमच्या दोन नर्सा पांढऱ्या साड्या नेसून मेणबत्त्या घेऊन यायच्या, आम्ही तिघं उजेडाने दिपून गुडघ्यावर पडायचो, आणि शेवटी त्याच नर्सा टिपऱ्या घेऊन दांडिया खेळायच्या. नगर जिल्ह्याचा दांडिया! अमेरिकेला काय, सगळंच चालतं.

"साहेब," बुवा त्या दिवशी म्हणाले, "आमच्या घरात मी चौथ्या पिढीचा ख्रिस्ती हाय. मी अंधारात कवा हुतो?"

"बुवा, हे नाटक आहे. यांना तुमची चौथी पिढी बघायची नाही. यांना बघायचंय की यांचे मिशनरी आपल्यापर्यंत पोचले नसते तर काय झालं असतं."

बुवांनी त्या लुंगीकडे पाहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, "सोडतो. पन एक सांगा. समद्यात शेवटच्या देवळात माझं कीर्तन हुईल? पुरतं?"

"होईल."

"ह्या धोतरात?"

"ह्या धोतरात."

"मधी हार लागंल. त्यांच्या मानसाच्या हातून."

"होऊन जाईल हो, बुवा! हाराचं काय घेऊन बसलात!"

बुवांनी आमच्याकडे पाठ केली आणि धोतर सोडलं. घडी घालून माझ्या हातात दिलं. म्हाताऱ्या आत केक कापत होत्या.

मग आम्ही गावोगाव फिरलो. एक भली लांब गाडी, तिच्यात आम्ही मागे, साहेब पुढे. दोन्हीकडे मक्याची शेतं, इतकी की आपला अख्खा तालुका त्यात टाकला असता तर कणसं खुडायला आलेल्या माणसालाच सापडला असता. दररोज नवं देऊळ, नवं तळघर, नवा केक. राहायला लोकांची घरं. माणसं मायाळू, खोटं कशाला बोलू. एका घरात कुत्र्याला स्वतःची खोली होती आणि ती आमच्या देवळाच्या सभागृहापेक्षा मोठी होती. त्या घरच्या बाईने जेवताना बुवांना विचारलं की तुम्हाला प्रभू कधी भेटला. बुवा म्हणाले, "पणज्यापासून भेटतोय, बाई. आमच्याकडं तो येऊन-जाऊन असतो." साहेबांनी भाषांतर केलं: "ही वॉज इन डार्कनेस फॉर अ व्हेरी लाँग टाइम." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बुवांच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

प्रत्येक देवळात बुवा वाडगा पुढे करून चाचपडत यायचे. ते काम त्यांनी फार चांगलं केलं, हे मला आजही सहन होत नाही. त्यांनी वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. पण चाळीस वर्षं माणसांसमोर उभा राहिलेला माणूस, त्याला खोटं उभं राहताच येत नव्हतं. ते अडखळायचे तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका हात पुढे करायच्या. कार्यक्रम झाल्यावर लोक त्यांच्यासोबत फोटो काढून घ्यायचे, लुंगीसकट. बुवा फोटोत हसायचे. आणि गाडीत बसले की ओठांतल्या ओठांत उत्तररंग म्हणायचे. मी मांडीवर ठेका धरायचो.

"पोरा, बाप पळत येतो तिथं लय वाढव," ते म्हणायचे. "म्हातारा मानूस हाय, पन पळतोय. दमला पायजे ठेका."

"दमवतो, बुवा."

साहेबांबद्दल लोक म्हणतात की मनाने वाईट माणूस नव्हता. लोकांना वेळ फार असतो.

शेवटचं देऊळ दगडी होतं, छोट्या गावातलं, बाहेर मेपलची झाडं लालभडक. बुवा खाली उतरले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "घोड्यावाला साहेब इथलाच असनार." त्याला काहीही आधार नव्हता. पण बुवांनी ठरवलं ते ठरलं. त्या घोड्यावाल्याला स्वर्गातून येऊन नाही म्हणायची छाती झाली नसती. धोतर त्यांनी आदल्या मुक्कामावर यजमानबाईंच्या इस्त्रीने स्वतः इस्त्री केलं होतं. पागोटं बांधायला त्यांनी एवढा वेळ लावला की मी तेवढ्यात तबला तीनदा लावला.

आणि साहेबांनी शब्द पाळला, म्हणजे मला तेव्हा तसंच वाटलं. आधी 'अंधारातून उजेडाकडे' नाहीच. उपासना झाली, पाळकांनी दोन शब्द सांगितले, आणि बुवा उभे राहिले.

काय सांगू! मी त्यांच्यामागे शंभर वेळा वाजवलं असेल. त्या दिवसासारखं कधी वाजवलं नाही. नमनालाच आवाज असा लागला की खिडक्यांतल्या रंगीत काचांवरचे प्रेषित कान देऊन ऐकायला लागले. बुवा दहा मिनिटं निरूपण करायचे, दृष्टांत द्यायचे, हसवायचे, गहिवरायचे, आणि साहेब पुढे येऊन भाषांतर करायचे: "ही सेज, गॉड इज गुड." पुन्हा दहा मिनिटं. "ही सेज, गॉड इज व्हेरी गुड." तरी लोक हलले नाहीत. भाषा कळत नव्हती, पण पुढच्या बाकावरचा एक म्हातारा गुडघ्यावर ताल धरायला लागला होता, आणि तो बरोबर समेवर येत होता! मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली.

पूर्वरंग संपला. बुवांनी टाळ खाली ठेवला, हात जोडले, डोळे मिटले, मान झुकवली. मी धुमाळी धरली, हळू.

मग टाळ्या. आणि मग सगळं देऊळ उभं राहिलं. एकूण एक माणूस. म्हातारे, पोरं, काठीवाल्या बायका. आमच्याकडे हार घालायला एक जण उठतो. इथं अख्खी मंडळी उठली. बुवांनी पापणीच्या फटीतून ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांनी डोळे पुन्हा घट्ट मिटले आणि मान आणखी खाली घातली. सगळ्या गावाचा हार पडायचा होता ना. मान नको का तेवढी झुकायला?

लोक जवळ आले. एकेकाने बुवांचा जोडलेला हात सोडवून घेतला, हलवला आणि पुढे गेला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. प्रत्येक वेळी ते हात पुन्हा जोडायचे. रांग त्यांच्यासमोरून जिन्याकडे गेली आणि जिन्यावरून तळघरात, कॉफीला. तो ताल धरणारा म्हातारासुद्धा. त्याने जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी वाजवत राहिलो आणि साहेबांना हाक मारली, "साहेब, हार!"

"कसला हार?"

"मधला! सांगितलं न्हाई का त्यांना?"

"अरे, माणसाला हार घालणं यांना मूर्तिपूजेसारखं वाटतं. पाळकांनी हार आणायचा का म्हणून विचारलं होतं, मीच नको म्हटलं." साहेब घाम पुसत हसत होते. "आणि बघितलंस का? उभं राहून टाळ्या! आजवर कुणाला मिळाल्या?"

"आन उत्तररंग? राहिला की!"

"त्यांना काय कळतंय राहिला ते?" साहेब म्हणाले आणि कॉफीला गेले.

बुवांनी डोळे उघडले तेव्हा बाकं रिकामी होती. खालून कपबश्यांचा आवाज येत होता. दोघी नर्सांपैकी धाकटीने धावत जाऊन वेदीपुढच्या फुलदाणीतली फुलं काढली आणि केसांच्या रिबिनीत ओवायला लागली.

"ठेव गं पोरी," बुवा म्हणाले. "घरच्याच मानसांनी हार घालायला मी काय नवरदेव हाय का?"

"बुवा," मी म्हणालो, "हार राहू द्या. तसंच उचला. मी लय धरतो. बाप पळत येतो तिथून धरतो."

"कुनापुढं?" ते म्हणाले. आणि पागोटं काढून त्यांनी ते गुडघ्यावर ठेवलं.

खाली केक होता. बुवांनी तो खाल्ला. लोकांनी त्यांना घेरलं, ते हसले, कुणीतरी फोटो काढला. साहेब सगळ्यांना सांगत होते, "ही सेज ही इज व्हेरी हॅपी."

परत आलो तेव्हा गावाने आमच्यासाठी टेम्पो सजवला होता. सोनईच्या स्टँडवर ताशा. सगळ्यांचा एकच प्रश्न: कीर्तन कसं झालं? बुवा काही बोलेनात, म्हणून मी बोललो. आणि बोललो ते असं की ऐकणाराने सतरंजी सोडू नये. अख्खं देऊळ उभं राहिलं म्हणालो, ते खरंच होतं. मग थांबलो नाही. उत्तररंगाला गोऱ्या बायका अशा रडल्या की फरशी पुसायला माणूस बोलावला. बाप पळत येतो तिथं त्यांचे पाळक स्वतः उठून पळायला लागले. आणि हार? हार एवढा मोठा की तो उचलायला चार माणसं, आणि बुवा त्यात असे बुडाले की गोष्ट आतूनच सांगितली. लोक खूश. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बुवा टेम्पोच्या कडेला बसून माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत रागसुद्धा नव्हता. राग असता तर मी गप्प तरी बसलो असतो.

ती गोष्ट गावभर झाली, गावाबाहेर झाली. आठवड्याभरात ती मला राहुरीचा एक माणूस सांगत होता, माझ्याहून चांगली.

नाताळ जवळ आला. आमचे तरुण पाळक, पंचकमिटीचे दोघे आणि मी असे बुवांच्या घरी गेलो. पाळकांच्या हातात पेढ्यांचा पुडा. बुवा अंगणात गोणपाटावर बसून कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होते. त्यांची शाळेमागे थोडी जमीन होती.

"सलाम, बुवा," पाळक म्हणाले. "यंदा नाताळाला तेच कीर्तन होऊ द्या. अमेरिकेत केलं ते. आसपासच्या सगळ्या मंडळ्यांना बोलावतोय. लोक विचारायला लागलेत."

"व्हय व्हय," पंचातला एक म्हणाला, "आन उत्तररंग पुरता पायजे बरं का, बुवा! बाप पळतो तो!"

बुवांनी जुडीला सुतळीची गाठ मारली, दातांनी तोडली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"बुवा?" पाळक म्हणाले.

"नाताळात माझी कांद्याची लावन हाय," बुवा म्हणाले.